पावणेदोन तासांचे तीन दिवस

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नांदेडच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर आहे. नकाशावर रेघ ओढली तर ती पंढरपूर आणि लातूर या दोन्ही गावांच्या जवळून जाते. एटीआर ७२ जातीचे विमान हे अंतर सव्वा तासात कापेल. कोणत्याही दोन विमानतळांची नावे टाकली की असे अंतर आणि असा वेळ आता क्षणात समोर येतो. त्या दोन गावांमध्ये विमान जाते की नाही, याच्याशी त्या हिशेबाला काही देणेघेणे नसते. आकडा बरोबर असतो आणि प्रवाशाच्या काही कामाचा नसतो.

हा आकडा निघतो कसा, ते आधी पाहू. पृथ्वीच्या गोल पाठीवर दोन बिंदूंना जोडणारी सगळ्यांत जवळची वाट धरायची, तिची लांबी मोजायची, विमानाच्या वेगाने भागायची आणि चढउतारासाठी वर अर्धा तास टाकायचा. आडाखा म्हणून हे ठीक आहे. लांबच्या प्रवासात तो वरचा अर्धा तास खपून जातो. मुंबई-लंडनला त्याची कोण पर्वा करतो? लहान अंतरात मात्र सगळा हिशेब त्या अर्ध्या तासाभोवती फिरतो. सोलापूर ते कोल्हापूर सरळ रेषेत २०५ किलोमीटर. ताशी पाचशेच्या वेगाने हे अंतर पंचवीस मिनिटांचे. त्यात इंजिन सुरू करून धावपट्टीच्या टोकाला जाणे, चढणे, उतरताना घिरटी घेणे आणि पुन्हा जागेवर येऊन थांबणे मिळवा, की पन्नास-पंचावन्न मिनिटे झाली. कोल्हापूर-नांदेड याच्या दुप्पट लांब, पण वेळ जेमतेम पंचवीस मिनिटांनी वाढतो. म्हणजे लहान पल्ल्यात विमानाचा वेळ अंतरावर फारसा अवलंबून नसतोच. खर्चाचेही बरेचसे तसेच. उतरण्याचे शुल्क, चढताना जळणारे इंधन, वैमानिकांचे तास हे सगळे पल्ला लहान म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाही. जवळच्या गावांमधले विमान दर किलोमीटरला महाग पडते ते यामुळे.

एवढे धरूनही कोल्हापूरच्या माणसाला विमान हवेच आहे, आणि का नसावे? घरून उजळाईवाडीला अर्धा तास, तिथे दीड तास आधी हजर राहणे, सव्वा तास हवेत, उतरून बाहेर पडायला वीस मिनिटे. नांदेडचा विमानतळ तर शहराला लागूनच. चार तासांत गडी घरात. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरने हाच प्रवास रात्रभराचा, पाचशेच्या आसपास किलोमीटरचा. सहा-सात तास वाचले. पुढाऱ्यांच्या भाषणात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात आणि विमानतळाच्या कोनशिलेसमोर जे सांगितले जाते ते नेमके हेच वाचलेले तास असतात. ‘अमुक शहर आता इतक्या मिनिटांवर’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांनी एकदा तरी ऐकले आहे.

माझे म्हणणे असे की ही मोजणी चुकीच्या जागी सुरू होते. प्रवास सुरू होतो तो जावे लागणार हे कळते त्या क्षणी, आणि संपतो काम उरकून माणूस घरी परततो तेव्हा. या दोन टोकांमध्ये विमान हवेत किती वेळ होते ही सगळ्यांत किरकोळ बाब आहे. लहान गावांच्या बाबतीत तर खरे अंतर ठरते ते आठवड्याला फेऱ्या किती आणि त्या कोणत्या वेळेला, यावर.

अमरावतीचे उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळ सुरू झाला आणि अलायन्स एअरचे एटीआर ७२ मुंबईहून तिथे उतरले. सरळ अंतर सुमारे ५४० किलोमीटर, तिकिटावरचा वेळ पावणेदोन तास. (विमानाच्या वेगाने हे अंतर एक तास पाच मिनिटांचे. उरलेली चाळीस मिनिटे चढउतारात आणि मुंबईच्या गर्दीत जातात. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते.) सुरुवातीचे वेळापत्रक असे होते : सोमवार, बुधवार, शुक्रवार, मुंबईहून दुपारी २.३० ला निघून ४.१५ ला बेलोरा, आणि ४.४० ला परत निघून ६.२५ ला मुंबई.

आता मंत्रालयात काम असलेला अमरावतीचा माणूस डोळ्यांसमोर आणा. सोमवारी ४.४० ला तो विमानात बसला. ६.२५ ला सांताक्रूझला उतरला तेव्हा मंत्रालय सुटलेले. रात्र लॉजवर काढायची, नाहीतर डोंबिवलीच्या आतेभावाकडे. मंगळवारी काम. मंगळवारी परतीचे विमान नाही, म्हणून आणखी एक रात्र मुंबईत. बुधवारी दुपारी २.३० ला निघून ४.१५ ला बेलोरा. त्याच सोमवारी संध्याकाळी त्याचा शेजारी रेल्वेने निघाला. अमरावती एक्स्प्रेसमध्ये झोपला, सकाळी सीएसएमटीला उतरला. तिथून मंत्रालय हाकेच्या अंतरावर. दिवसभर काम केले, रात्रीच्या गाडीत बसला आणि बुधवारी सकाळी घरी चहा घेत होता. विमानाचा प्रवासी त्या वेळी अजून मुंबईतच आहे. गाडीवाल्याला मुंबईत एकही रात्र मुक्काम करावा लागला नाही. आणि साहेब बैठकीत होते, सही उद्या मिळेल, असे मंगळवारी कळले तर? हे काही फार दुर्मीळ नाही. गाडीवाला बुधवारी रात्री निघतो. विमानवाल्याची बुधवारची दुपारची फेरी हुकते आणि पुढची थेट शुक्रवारी.

पावणेदोन तासांच्या विमानापेक्षा रात्रभराची गाडी लवकर घरी पोचवते, ही चमत्कारिक गोष्ट आहे आणि ती निव्वळ वेळापत्रकातून घडते. विमानाच्या वेळा बदलत राहतात, त्यामुळे नेमके हे गणित उद्या वेगळे असू शकेल. पण लहान विमानतळांच्या वाट्याला दुपारची उरलीसुरली वेळ येणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या वेळा, ज्यांना धंद्यातले लोक स्लॉट म्हणतात, आधीच भरलेल्या असतात. त्या जागी सत्तर आसनांचे विमान उतरवायचे म्हणजे दीडशे-दोनशे आसनांचे एक विमान बाहेर ठेवायचे. विमानतळ चालवणारा ते आपणहून कशाला करील? नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्याने ही कोंडी थोडी सुटावी. मात्र सकाळची सोयीची वेळ लहान गावांसाठी राखून ठेवायची असे कोणी ठरवले तरच.

फेऱ्यांच्या बाजूने एक साधा हिशेब करता येतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार विमान असेल आणि जाण्याची गरज आठवड्यात केव्हाही उपटत असेल, तर पुढच्या विमानापर्यंतची सरासरी वाट सुमारे एकोणतीस तासांची होते. तासाला एक एसटी असेल तर हीच वाट अर्ध्या तासाची. सोलापूरहून कोल्हापूरला लाल गाडीने पाच-सहा तास लागतात म्हणून आपण कुरकुरतो, पण त्यात अर्धा तास मिळवून सगळे मिळून साडेपाच-साडेसहा होतात. विमानाचे घरापासून घरापर्यंतचे तीन-साडेतीन तास धरले आणि त्यात एकोणतीस मिळवले, तर बत्तीसच्या पुढे गेलो.

यावर उत्तर येईल की कोणी विमानतळावर जाऊन एकोणतीस तास बसत नाही, माणसे आधी ठरवून जातात. खरे आहे. सहलीला, लग्नाला, शिर्डीच्या दर्शनाला माणूस वारानुसार बेत आखतो. पण ज्या प्रवासात वाचलेल्या तासाची खरी किंमत असते तो प्रवास ठरवून येत नाही. नांदेडला मामा गेल्याचा फोन रात्री अकराला येतो आणि मातीला दुपारच्या आत पोचायचे असते. दवाखान्यातून बोलावणे येते, कोर्टाची तारीख अचानक अलीकडे येते, कारखान्यातले यंत्र बंद पडते आणि दुरुस्तीचा माणूस हवा असतो. अशा वेळी विमान ‘परवा आहे’ याचा अर्थ विमान नाही असाच. मग दारात मोटार उभी राहते आणि रात्रीत पाचशे किलोमीटर कापले जातात. वेगाचे साधन सवडीच्या प्रवासाला मिळते आणि घाईच्या प्रवासाला नाही, असा उलटा न्याय आपण पैसे मोजून उभा केला आहे.

त्यात भरवशाचा प्रश्न वेगळाच. राज्यातल्या अनेक लहान विमानतळांवर वैमानिकाला नजरेच्या भरवशावरच उतरावे लागते, आणि त्यासाठी किमान पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसले पाहिजे. जुलैमध्ये कोकणात हे किती दिवस जमणार, ते कोकणातल्या पोरालाही विचारता येईल. शिवाय एकच विमान दिवसभरात पाच-सहा ठिकाणी फिरत असते. सकाळी एका गावी धुके पडले की संध्याकाळी तिसऱ्या गावचे प्रवासी खोळंबतात. आठवड्याला तीनच फेऱ्या असताना एक रद्द झाली तर आठवड्याचा तिसरा हिस्सा गेला. एसटी चुकली तर मागून दुसरी येते.

लहान शहरांना विमानाने जोडण्यासाठी केंद्राने आणलेल्या ‘उडान’ योजनेचा उल्लेख इथे टाळता येत नाही, आणि ती निव्वळ वाईट होती असेही मला म्हणायचे नाही. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली मार्गाबरोबर नांदेड-हैदराबाद मार्गही सुरू झाला होता. नांदेडला तेव्हा जे वाटले ते खोटे नव्हते. तासाभराच्या, म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरच्या उड्डाणाला २,५०० रुपयांची मर्यादा, मागे राहणारी तूट तीन वर्षे सरकारने भरायची, त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी बसवायची, ही रचना विचारपूर्वक केलेली होती. पण तिची मापे पाहा. भाड्याची मर्यादा किलोमीटरच्या टप्प्यांनी ठरली. तुटीची भरपाई अंतराच्या हिशेबाने ठरली. फेऱ्यांबाबत सुरुवातीची अट होती आठवड्याला कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सात. म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने जे सर्वांत महत्त्वाचे, त्याला तळाची मर्यादा तीनची, आणि वरची अशी की रोज एकाहून अधिक फेरीचा विचारही करू नये. दिवसाला एकच फेरी असेल तर सकाळी जाऊन रात्री परतणे अशक्य असते, मग ती फेरी कितीही वेगवान असो.

पुढे काय झाले ते नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली, आणि मदत थांबल्यावर मार्च २०२३ मध्ये त्यांतले ५४ तग धरून होते. या आकड्यांचा अर्थ लावताना बहुतेकांनी ‘मागणीच नव्हती’ असे म्हणून विषय संपवला. मला ते घाईचे वाटते. आठवड्याला तीन दुपारच्या फेऱ्यांना मिळालेला प्रतिसाद ही त्या गावाची मागणी नव्हे. सकाळी नऊला उघडून दहाला बंद होणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही म्हणून गावाला किराणा नकोच, असा निष्कर्ष काढण्यासारखे ते आहे.

सिंधुदुर्गात तर हा प्रयोग निसर्गानेच मांडून दिल्यासारखा झाला. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. श्रेयावरून पुढाऱ्यांमध्ये व्यासपीठावर जे रंगले ते सगळ्यांनी पाहिले. त्यात पुन्हा शिरायला नको. मुंबईहून रोजची एक फेरी, पावसात तिचीही खात्री नाही. जानेवारी २०२३ पासून चिपीहून सरळ रेषेत पंचेचाळीस-सेहेचाळीस किलोमीटरवर गोव्यातल्या मोपाहून विमाने उडू लागली. तिथे मुंबईच्याच दिवसाला कितीतरी फेऱ्या. सावंतवाडी, बांद्याच्या माणसाने क्षणात निर्णय घेतला : राज्याची हद्द ओलांडून मोपा. हवेतला वेळ दोन्हीकडे जवळपास सारखा, पण मोपाला एक विमान चुकले तर दुसरे असते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये योजनेची तीन वर्षे संपली आणि चिपीची मुंबई फेरी बंद पडली. गणपतीत कोकणकन्येची प्रतीक्षा यादी पाहून चाकरमानी कपाळाला हात लावतो, तरी रात्री मुंबईहून निघून सकाळी कुडाळला पोचवणारी ती गाडी रोज असते, हे तो गृहीत धरतो. गृहीत धरता येणे हाच वाहतुकीचा गुण.

चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटर लांब आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांदरम्यान जी विमानसेवा चालते तिचा संपूर्ण पल्लाच २.७ किलोमीटर, म्हणजे साधारण एवढाच. वेळापत्रकात तिला दोन मिनिटे दिलेली आहेत. वारा अनुकूल असताना ५३ सेकंदांतही ती झाली आहे. जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास म्हणून पर्यटक त्यावर फोटो काढतात. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. पापा वेस्ट्रे या शंभराहून कमी वस्तीच्या बेटासाठी लोगनएअर कंपनी ही सेवा १९६७ पासून चालवते आहे. आठ-नऊ माणसांचे छोटे विमान, शिक्षक आणि डॉक्टरांची ये-जा, आणि मागे सरकारी मदत. तिथे कोणी अंतर मोजत बसले नाही. बेटावरच्या मुलाचा गणिताचा तास बुडू नये, तर विमान केव्हा असले पाहिजे, असा उलट्या टोकाकडून हिशेब केलेला दिसतो.

नॉर्वेने हे अधिक पद्धतशीर केले. १९६८ मध्ये हेल्गेलांड किनाऱ्याच्या भागात चार छोट्या विमानतळांपासून सुरुवात झाली. धावपट्ट्या आठशे मीटरच्या, आपल्या चिपीच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या. आज विडेरो कंपनीची ३९ आसनी डॅश ८ विमाने असल्या गावांना जोडतात. उत्तरेकडच्या किर्केनेस आणि वाडसो या गावांमध्ये सरळ अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, पण मध्ये समुद्राची खाडी. रस्त्याने जायचे तर दीडशेहून अधिक किलोमीटरचा वळसा. सरकार अशा मार्गांची निविदा काढते तेव्हा रोज किती फेऱ्या, किती आसने, पुढच्या मोठ्या विमानाला जोड कशी मिळेल हे आधी लिहून देते, आणि मग विचारते की याला किती पैसे लागतील. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानव्यवसाय खुला झाला तेव्हा लहान गावांसाठी जी हमी दिली गेली, तीही साधारण दिवसाला दोन फेऱ्या, आठवड्याचे सहा दिवस, अशा भाषेत आहे. त्या योजनेवर तिथे टीका भरपूर होते, अर्धी रिकामी विमाने हा निवडणुकीतला विनोद आहे. पण निदान वाद तरी योग्य गोष्टीवर चालतो.

पैशांचा मुद्दा मला टाळायचा नाही. फेऱ्या दुप्पट म्हणजे खर्च जवळपास दुप्पट. म्हणून एक तर विमान छोटे हवे. बहात्तर आसनी एटीआर आठवड्याला तीनदा पाठवले तर एका बाजूला २१६ आसने होतात; एकोणीस आसनी विमान सहा दिवस दिवसातून दोनदा पाठवले तर २२८. माणसे तेवढीच, पण सकाळी जाऊन रात्री परतण्याची सोय झाली. दर आसनाला खर्च वाढतो हे मान्य. एअर डेक्कनने डिसेंबर २०१७ मध्ये असल्याच एकोणीस आसनी बीचक्राफ्टने मुंबई-जळगाव सुरू केले होते. ते टिकले नाही. हाताशी विमाने मोजकी, एक बंद पडले की सगळे वेळापत्रक कोलमडायचे, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये कंपनीच थांबली. कानपूरला बनलेले सतरा आसनी डॉर्नियर अलायन्स एअरने २०२२ पासून दिब्रुगड-पासीघाट मार्गावर घातले, कारण तिथे नद्या आणि डोंगर रस्त्याला खरोखर अडवतात. छोट्या विमानाची जागा अशाच ठिकाणी आहे.

दुसरा उपाय कडू आहे. सगळ्या गावांना विमान देऊ नये. कोल्हापूर-सोलापूरसारख्या सपाट मुलखातल्या दोनशे किलोमीटरसाठी विमानाला मदत देणे म्हणजे पैसे हवेत उडवणे. तो पैसा रस्त्याला आणि रेल्वेला द्यावा. कोल्हापूर-नांदेडचे ४२५ किलोमीटर मला सीमेवरचे वाटतात : रोज दोन फेऱ्या देता येत असतील तर जरूर द्याव्यात, नाहीतर देऊच नयेत. जळगाव-सिंधुदुर्गचे मात्र जवळपास सहाशे किलोमीटर, मध्ये सातमाळ्यापासून सह्याद्रीपर्यंत सगळे घाट, आणि भुसावळहून पुणे-मिरज-लोंढामार्गे गोव्याकडे जाणारी रेल्वे रात्र संपवून दिवसही खाते. तिथे विमानाची बाजू खरोखर बळकट आहे. पंधरा विमानतळांना आठवड्याला तीन फेऱ्या वाटण्यापेक्षा पाच विमानतळांना रोज सकाळ-संध्याकाळ द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोणत्याही खासदाराला पटणार नाही हेही मला ठाऊक आहे. सोलापुरात विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, त्यावरून शहर दुभंगले होते. मग दोन वर्षांनी गोव्याचे विमान सुरू झाले. एवढे सोसल्यावर ‘तुमच्या गावाला नको’ हे ऐकायला कोण तयार होईल?

ज्या गावांना विमान मिळणार नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो रास्त आहे. लातूरला धावपट्टी आहे, पण लातूरच्या माणसाला आज तिचा उपयोग नाही. त्याला नांदेडचे विमान उपयोगी पडेल, आणि तेही नांदेडपर्यंतचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेळेत कापता आले तर. त्यासाठी विमानाची वेळ धरून सुटणारी एक एसटी हवी, विमान उशिरा आले तर थांबणारी, एकाच तिकिटात दोन्ही प्रवास देणारी. चिपीहून मालवण आणि कुडाळला, बेलोऱ्याहून अकोल्याला, नाशिकच्या ओझरहून धुळ्याला अशाच गाड्या लागतील. एका विमानाच्या दिवसभराच्या इंधनाच्या पैशात अशा कितीतरी गाड्या महिनाभर धावतील. फक्त त्यांच्या उद्घाटनाला दिल्लीहून कोणी मंत्री येणार नाही.